बिल निघेपर्यंत

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात घराच्या पायाभरणीचा मुहूर्त भटजी काढून देतात खरे, परंतु तो ठरतो कापसाच्या बाजारात. दिवाळीच्या आगेमागे पहिली वेचणी घरात येते, संक्रांतीपर्यंत बराचसा कापूस विकला जातो, आणि होळीच्या सुमारास गावोगाव कुदळीचे आवाज ऐकू येऊ लागतात. भाव बरा लागला असेल तर कोणी माडी चढवितो, कोणी ओसरीला फरशी घालतो, कोणी मुलीच्या लग्नाआधी पुढची भिंत पक्क्या विटांची करून घेतो. भाव पडला असेल तर जुन्याच भिंतीला पांढऱ्या मातीचा हात फिरवून ते वर्ष निभावून नेतात.

कापूस पडला म्हणजे शेतकऱ्याचे काय होते, हे आता साऱ्या देशाला ठाऊक आहे. आमच्या जिल्ह्याचे नाव दुर्दैवाने त्याच कारणाने सर्वांच्या तोंडी झाले. परंतु शेतकऱ्याच्या मागोमाग, एक-दोन वर्षांच्या अंतराने, आणखी एक माणूस बुडत असतो आणि त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो माणूस म्हणजे बांधकामाचा ठेकेदार. पुसद-उमरखेडकडे त्याला गुत्तेदार म्हणतात. या दिवाळीत त्याचीच थोडी कुळकथा सांगावी असे मनात आहे.

आम्हा कादंबरीकारांनी या माणसाला फारसा न्याय दिलेला नाही. आमच्या पुस्तकांत तो येतो तो बोटांत अंगठ्या घालून, तोंडात पान धरून, आणि सिमेंटात रेती वाजवीपेक्षा जास्त मिसळीत. असे ठेकेदार नसतातच असे मी म्हणणार नाही. वीस वर्षे शाळेत शिकवीत असल्यामुळे गळक्या छपराखाली बादली ठेवून पानिपतची लढाई शिकविण्याचा अनुभव मला आहे. परंतु गळक्या छपरावर लिहिणारे पुष्कळ आहेत. ज्याचे छप्पर गळत नाही, तरीही जो बुडतो, त्याची गोष्ट निराळी आहे.

ती समजण्यासाठी त्याचा धंदा थोडा समजून घेतला पाहिजे. जिल्ह्याचा ठेकेदार म्हणजे काही धरणे बांधणारा धनाढ्य नव्हे. दोन मोऱ्या, एक शाळा, तीन-चार मैलांचा रस्ता, एखाद्या जिनिंगचे गोदाम, असे त्याचे विश्व. टेंडर भरताना तो प्रथम बयाणा भरतो. काम मिळाले की अनामत रक्कम अडकते. मग गिट्टी, रेती, मुरूम, विटा उधारीवर येतात. मजुरांची टोळी आणायची तर मुकादमाला उचल द्यावी लागते. पाया भरून भिंत वर आली की साहेब येऊन माप घेतात, ते मापवहीत चढते, मापावरून बिल होते, बिल मंजूर होते, आणि मंजूर बिल अनुदान येण्याची वाट पाहत पडून राहते. इकडे मजूर आठवडी बाजाराच्या दिवशी हिशेब मागतो. त्याचे चुकत नाही; त्याच्या घरी पीठ त्याच दिवशी संपलेले असते. वर पैसा देणारा वर्षाचा आणि खाली पैसा घेणारा आठवड्याचा, या दोहोंमधले जे अंतर असते ते ठेकेदार आपल्या खिशातून, सावकाराकडून किंवा बायकोच्या पाटल्यांतून भरून काढतो. चांगल्या दिवसांत हे अंतर दोन-तीन महिन्यांचे असते. मंदी आली की ते वर्ष-दोन वर्षांचे होते. मंदीने ठेकेदार मरतो तो कामावाचून क्वचितच. बहुधा केलेल्या कामाखालीच तो दबून मरतो.

यवतमाळला या गोष्टीचा पहिला धडा मिळाला तो दूरच्या एका युद्धामुळे. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडच्या दक्षिण भागातला कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, आणि इंग्लंडच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे पाहू लागल्या. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली होतेच. कापसाचे भाव दोन-तीन वर्षांत तिप्पट-चौपट झाले. त्या काही वर्षांत मुंबईत नेहमीच्या कमाईवर सत्तर-ऐंशी कोटी रुपये जास्तीचे आले असे सांगतात. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग खानदेशातून वऱ्हाडात शिरत होता. १८६७ साली तो नागपूरला पोचला.

अशा तेजीत ठेकेदाराची चंगळ झाली असेल असे कोणालाही वाटेल. झाले उलटेच. ठेक्याचे दर युद्धापूर्वीच्या स्वस्ताईत ठरलेले. इकडे कापसाच्या पैशामुळे ज्वारी महागली, मजुरी चढली, बैलगाड्या तर मिळेनाशा झाल्या, कारण प्रत्येक गाडीवाल्याला कापूस वाहणे जास्त फायद्याचे होते. ज्याने रुपयाला ठरविलेले काम दीड रुपयाला करून द्यायचे, त्याला तेजी काय आणि मंदी काय! तेजीतही ठेकेदार मरतो ही गोष्ट लोकांना पटत नाही, पण ज्या ठेक्यात दरवाढीचे कलम नाही तो ठेका तेजीतच गळ्याशी येतो.

मजुरी थकली म्हणजे काय होते, हे त्याआधीच भोर घाटात दिसले होते. तेथील कामाचा ठेका विल्यम फॅविएल नावाच्या इंग्रजाकडे होता. १८५९च्या जानेवारीत मजुरीच्या पैशांवरून तेथे दंगा झाला, आणि त्याच वर्षी फॅविएलने ठेका सोडून दिला. पुढे सॉलोमन ट्रेडवेल आला, तो हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर काही दिवसांतच वारला, आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, दोन इंजिनिअरांच्या हाती व्यवस्था देऊन ते काम तडीस नेले. १८६३ साली घाट खुला झाला. या बाईंवर एखादी कादंबरी व्हायला हवी. पण आज तो विषय नाही.

१८६५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतली लढाई थांबली. त्या वर्षाच्या आरंभी मुंबईत ३१ बँका होत्या आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्याच आठ होत्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या एका भागावर मूळ किमतीच्या कितीतरी पट चढ भाव लागला होता. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या पूर्तीचा दिवस. त्या दिवशी जो डोलारा कोसळला त्याचा आवाज वऱ्हाडच्या कापूसबाजारापर्यंत आला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळावी लागली. प्रेमचंद रायचंदांसारखा कापसाचा राजा एका दिवसात देणेकरी झाला. समुद्रात टाकलेला दगड-मातीचा भराव मात्र तेथेच राहिला, आणि पुढे त्याच पट्टीवरून कुलाब्याकडे आगगाडी धावली. बुडालेल्या माणसांच्या कामावरून दुसरे लोक चालत जातात, हे बांधकामाच्या धंद्याचे जुने लक्षण आहे.

या पडझडीनंतर मुंबईत ठेकेदारांना तारले ते सरकारी इमारतींनी. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी कोटाची तटबंदी पाडून मोकळी केलेली जागा होती. तिच्यावर १८६७ ते १८७८ या काळात सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट, राजाबाई टॉवर अशा इमारती एकामागून एक उठल्या. बाजार बसलेला असताना सरकारने हातोडा चालू ठेवला, त्यामुळे पाथरवट, गवंडी आणि त्यांचे ठेकेदार जगले. यांत तेलंगणातून आलेली मंडळी पुष्कळ होती. व्यंकू बाळाजी काळेवार, रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया कराडी लिंगू ही तेलुगू नावे मराठी वाचकांना सत्यशोधक समाजाच्या इतिहासात भेटतात, कारण जोतीराव फुल्यांच्या मुंबईतल्या पाठीराख्यांत ही मंडळी होती. स्वतः जोतीरावही बांधकामाची कंत्राटे घेत आणि खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी माल पुरविला होता, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येते आणि मुले ती ओळ वाचून पुढे जातात. मी तेथे थोडा थांबतो. सरकारी खात्यात माप कोण घेतो, बिल कोण अडवितो आणि मजुराचा घाम कोणाच्या वहीत जिरतो, हे त्या माणसाने टेबलाच्या दुसऱ्या बाजूस उभे राहून पाहिले होते. त्यांच्या लिखाणातल्या धारेचा एक दगड तेथला आहे असे मला वाटते.

आमच्या बाजूला मात्र असा सरकारी हातोडा नव्हता. आमचा जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले. आगगाडीला सर्वांत जवळचे ठिकाण धामणगाव, यवतमाळपासून २९ मैलांवर. त्या सडकेवरची खडी हेच आमच्याकडच्या लहान ठेकेदाराचे वर्षासन होते.

ते वर्षासन १८९९च्या दुष्काळाने हिरावून घेतले. दुष्काळ आणि ठेकेदार यांचे नाते मोठे चमत्कारिक आहे. दुष्काळात सरकार कामे काढते, हजारो माणसे खडी फोडायला बसतात, तळी खणली जातात, रस्ते होतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की बांधकामाच्या धंद्याला उधाण आले. परंतु ही कामे ठेकेदारासाठी नसतात. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर जे नियम झाले त्यांचा रोखच असा की, भुकेल्या माणसाची मजुरी मधल्या माणसाच्या हातून जाऊ नये. सरकारी कारकुनाने ती थेट द्यावी. नियम न्यायाचा होता यात शंका नाही. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाच्या तीन पैशांतून एक पैसा कापणारे मुकादम त्या काळी होते. पण या न्यायाची दुसरी बाजू अशी की, ज्या वर्षी खासगी बांधकाम पार थांबले, त्याच वर्षी सरकारी कामही ठेकेदाराच्या हातून गेले. शिवाय दुष्काळी कामावर फुटलेल्या खडीचे ढीग रस्त्याच्या दोन्ही कडांना लागले. पाऊस पुढच्या वर्षी आला, पण सडकेला लागणारी खडी आधीच फुटून पडलेली. नव्या खडीचा ठेका निघणार कशाला? वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ साली २८ लाख ९७ हजार होती, ती १९०१ साली २७ लाख ५४ हजारांवर आली. त्या दीड लाखाच्या तुटीत ठेकेदार किती हे कोणी मोजले नाही, आणि मोजण्याचे कारणही नव्हते. त्यांच्या टोळ्यांतले वडार, बेलदार मात्र त्या खडीवर बसलेल्या माणसांत नक्की होते.

यानंतर यवतमाळचे बरे दिवस आले. किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी सुमारे ११३ किलोमीटरची अरुंद गाडी टाकली. हीच आमची शकुंतला. तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धापा टाकीत होते. आता काही वर्षांपासून गाडीच बंद आहे आणि रुळांवर गवत आहे. या गाडीने कारंजा, दारव्हा, यवतमाळ या गावांत जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने वाढविले. धुराडी, गोदामे, पेढ्या, मारवाडी-गुजराती व्यापाऱ्यांचे दुमजली वाडे, धर्मशाळा, हे सारे कोणीतरी बांधलेच ना? बांधणारे बहुतेक आमच्याच बाजूचे होते. जंगलात सागवान, वणीजवळ राजूरला चुना, नदीनाल्यांना रेती, आणि काळा दगड तर जमीन उकरली की हात देतो. एक चुन्याची घाणी, चार गवंडी, दोन सुतार आणि पंचवीस मजूर एवढ्या भांडवलावर माणूस ठेकेदार होई. घाणीत फिरणारा बैल धरला तर सव्वीस.

आणि मग १९२९ आले.

जगातली महामंदी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात सुरू झाली असे आपण मुलांना शिकवितो. यवतमाळला ती कापसाच्या गाडीत बसून आली. दोन वर्षांत कापसाचा भाव निम्म्याच्या घरात आला. आमचा आखूड धाग्याचा कापूस बाजारात ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई. हे नाव अमरावतीवरून पडलेले. त्याचे मोठे गिऱ्हाईक जपान. १९३३ साली हिंदुस्थान सरकारने परदेशी कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली तेव्हा जपानी गिरणीवाल्यांनी आमच्या कापसावर बहिष्कार घातला. १९३४च्या आरंभी तह होईपर्यंत तो चालला. ओसाकाच्या गिरणीवाल्याने पाठ फिरविली आणि दारव्ह्याच्या गवंड्याची थापी थांबली. या दोन माणसांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल.

या मंदीने ठेकेदाराला कसे कसे गाठले ते पाहण्यासारखे आहे, कारण पुढच्या प्रत्येक मंदीने तीच वाट धरली. पहिल्या वर्षी त्याला काही जाणवतच नाही. हाती घेतलेली कामे चालू असतात. उलट चुना, लाकूड, मजुरी स्वस्त झाल्यामुळे त्याच वर्षी त्याला चार पैसे जास्त सुटतात. शेतकरी रडत असताना ठेकेदाराच्या घरी दिवाळी जोरात होते, आणि शेजारी ती लक्षात ठेवतात. दुसऱ्या वर्षी जिनवाला म्हणतो, गोदामाचे छप्पर पुढच्या हंगामात घालू. सरकार काटकसर करते. १९३१ साली सरकारी नोकरांच्या पगारालाच दहा टक्के कात्री लागली, तेथे मोऱ्या-पुलांचे काय? नवी टेंडरे निघत नाहीत, आणि जी एक-दोन निघतात त्यांच्यावर सारा गाव तुटून पडतो. काम नसलेला मिस्त्री ठेकेदार होतो, काम नसलेला मुकादमही ठेकेदार होतो. एकाने दहा टक्के कमी भरले तर दुसरा पंधरा टक्के कमी भरतो. आजच्या ठेकेदारांच्या भाषेत ‘बिलो’ जाणे म्हणतात ते हेच. तोट्याचे आहे हे ठाऊक असून माणूस ते काम घेतो, कारण टोळी बसवून ठेवली तर टोळी फुटते, आणि टोळी फुटली की तो ठेकेदार उरत नाही. तिसऱ्या वर्षी त्याने घेतलेले कर्ज त्याच्या दारात येते.

१९३१च्या सप्टेंबरात इंग्लंडने सोन्याचे नाणे सोडले, सोन्याचा भाव वधारला, आणि साऱ्या हिंदुस्थानातून सोने बाहेर जाऊ लागले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्याला निर्यात म्हटले आहे. घरोघरच्या बायकांनी गळ्यातले काढून दिले, अशी ती निर्यात होती. मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्जतडजोडीचा कायदा १९३३ साली झाला, पण तो शेतकऱ्याच्या कर्जासाठी; चुन्याच्या घाणीवर काढलेल्या कर्जाला तेथे जागा नव्हती. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रह केला, त्या चळवळीत सामान्य माणूस एवढ्या संख्येने का आला याचे एक उत्तर या रिकाम्या हातांतही सापडेल. हे माझे अनुमान आहे; इतिहासकारांनी हवे तर खोडून काढावे.

त्याच मंदीत मोठे ठेकेदार मात्र मोठेच राहिले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात केली होती. १९२६ साली त्यांची हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली आणि भोर घाटातल्या बोगद्यांचे काम तिने केले. एका प्रांतात काम थांबले तर दुसऱ्या प्रांतात चालू, इमारत थांबली तर साखर कारखाना, साखर थांबली तर जहाज, असा त्यांचा पसारा. १९३२ साली साखरेला सरकारी संरक्षण मिळाले, त्याचा लाभही त्यांनी घेतला. त्यांच्या कर्तबगारीबद्दल मला आदरच आहे. परंतु दारव्ह्याच्या ठेकेदारापाशी दुसरा प्रांत नव्हता. त्याचे सिमेंटही कापूस, साखरही कापूस आणि जहाजही कापूसच.

मंदीने आणखी एक गोष्ट नेली, तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. चुना भिजवून, मळून, दिवस दिवस मुरवून काम करणारे जे कारागीर होते त्यांची साखळी त्या काळात तुटली. हाताशी काम नाही म्हणून बापाने मुलाला गवंडीकाम शिकविले नाही. मुलगा प्रेसमध्ये हमाल झाला किंवा मुंबईला गेला. तिकडे सिमेंटच्या कंपन्या एकमेकींशी भाव पाडून झुंजत होत्या. १९३६ साली त्यांतल्या बऱ्याच एकत्र येऊन ए. सी. सी. झाली. दिवस पालटले तेव्हा बाजारात सिमेंटची पोती होती आणि चुन्याचा मिस्त्री म्हातारा झाला होता. आमच्या गावातल्या जुन्या वाड्यांची डागडुजी करायला आज माणूस मिळत नाही.

स्वातंत्र्यानंतरची हकिगत बहुतेकांना आठवत असेल, म्हणून लवकर आटोपतो. पंचवार्षिक योजना आल्या, शाळा, दवाखाने, पाझर तलाव निघाले. पुसदकडे पूस नदीवर धरण झाले, पैनगंगेवर इसापूरचे झाले, आणि जिल्ह्यातला ठेकेदार कापसापासून थोडा सुटून सरकारच्या अंदाजपत्रकाला बांधला गेला. खुंटा बदलला, दावे तेच. १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा मुख्यमंत्री आमच्याच जिल्ह्यातले, गहुलीचे वसंतराव नाईक होते. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना वाढली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ साली केंद्राने जो रोजगार हमीचा कायदा केला त्यात तर ठेकेदार लावण्यास स्पष्ट बंदी घातली होती. १८९९चेच तत्त्व, आणि माझ्या मते ते योग्यच. फक्त एवढेच की, वाईट वर्षी या माणसाने कोठे जावे, हा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला नव्हता आणि नंतरही विचारला नाही.

गेल्या दहा वर्षांत तर या धंद्याने मंदीची नवी नवी रूपे पाहिली. २०१६ साली लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला झाले आणि ८ नोव्हेंबरला मोठ्या नोटा रद्द झाल्या. कापूस नुकताच घरात आलेला, मुकादमाला हंगामाची उचल द्यायची ती रोख, आणि रोख म्हणजे बँकेच्या दारातली रांग. त्यातून सावरतात तोच २०२०ची टाळेबंदी आली, तीही कोणत्या दिवशी? २५ मार्चला. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपते आणि वर्षभराची अडलेली बिले त्या शेवटच्या आठवड्यात निघतात. ज्या आठवड्यावर ठेकेदाराचे सारे वर्ष उभे असते, नेमका तोच आठवडा बंद झाला. ४ मे रोजी राज्य सरकारने विकासकामांच्या खर्चाला ६७ टक्के कात्री लावली आणि नवी कामे थांबविली. त्याच दिवसांत पांढरकवड्यावरून जाणाऱ्या हैदराबाद-नागपूर महामार्गाने डोक्यावर बोचकी घेतलेले बांधकाम-मजूर उत्तरेकडे चालत होते. त्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. त्यांच्यातल्या कित्येकांची मजुरी ज्या लहान ठेकेदाराकडे अडकली होती, त्याचे बिल आणखी कोठे अडकले होते, हे छायाचित्रात येत नाही.

दिवस अगदीच काळे आहेत असेही नाही. वर्ध्याहून यवतमाळकडे येणाऱ्या नव्या रेल्वेचा कळंबपर्यंतचा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी खुला झाला. पुढे नांदेडपर्यंत तो जायचा आहे. महामार्ग चौपदरी झाला. परंतु ही कामे बाहेरच्या मोठ्या कंपन्यांची. आमच्या माणसाच्या वाट्याला आली ती मुरूम वाहण्याची पोटठेकेदारी, म्हणजे अडलेल्या बिलाच्या साखळीत आणखी एक कडी. २०२५च्या फेब्रुवारीत राज्यातल्या ठेकेदारांच्या संघटनांनी थकलेल्या बिलांसाठी काम बंद ठेवण्याची हाक दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के जकात बसविली, कापडगिरण्यांना दिलासा म्हणून केंद्राने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काही महिन्यांपुरते उठविले, आणि वेचणीच्या तोंडावर आमच्या बाजारात कुजबुज सुरू झाली. १८६१ साली अमेरिकेने आमच्या कापसाला सोने चढविले होते. या खेपेस उलटा वारा आला. मधल्या एकशे चौसष्ट वर्षांत यवतमाळच्या गवंड्याचा रोज कोठे ठरतो, ती जागा काही बदललेली नाही.

आमच्या गावाजवळ एका शाळेच्या दोन खोल्यांचे काम असेच अर्ध्यावर आहे. भिंती झाल्या, खांब वर आले, पुढचा हप्ता आला नाही. ठेकेदार आमचाच एक जुना विद्यार्थी. त्याच्या टोळीतले लोक अक्षय्य तृतीयेनंतर तेलंगणात दुसऱ्या कामावर गेले आणि त्यांच्यावरची त्याची उचलही त्यांच्याबरोबर गेली. खांबांच्या माथ्यावर लोखंडी सळ्या तशाच उघड्या उभ्या आहेत. पावसाळ्याच्या आधी एका रविवारी मी त्या बाजूने जात होतो तेव्हा तो एकटाच शिडीवर चढलेला दिसला. हातात डबा आणि जुनी कुंची. सळ्यांना गंज चढू नये म्हणून तो त्यांना सिमेंटचे पाणी लावीत होता. “सर, खाली उभे राहू नका, अंगावर उडेल,” एवढे तो म्हणाला आणि पुढच्या खांबाकडे शिडी सरकविण्यासाठी खाली उतरला. शिडीचे दुसरे टोक मी धरले.